सतरा रोल आणि पंचवीस हजार फोटो

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचे १७ रोल दिवाळीच्या सुट्टीत स्कॅन केले. प्रत्येकी ३६ फोटो. हललेले, काळे पडलेलेही सोडले नाहीत. प्रत्येक रोलचं वेगळं फोल्डर, सगळी 'फोटो'च्या पोटात. मग ते मोजायला सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला बसलो. लिनक्सच्या 'फाइंड' कमांडने एका ओळीत होतं, माहीत आहे. हौस.

पहिल्यांदा '.' (म्हणजे तेच फोल्डर) आणि '..' (त्याच्या वरचं फोल्डर) वगळायचं विसरलो. फोल्डरमधली नावं वाचणारा 'रीडडिर' तीही नावं देतो, त्यामुळे प्रत्येक फोल्डरसाठी स्वतःलाच पुन्हा बोलावणारं माझं फंक्शन '.' मध्ये, मग त्याच्या '.' मध्ये शिरत राहिलं. दर पायरीला फोल्डर उघडणारा 'ओपनडिर' एक डिस्क्रिप्टर (उघडलेल्या गोष्टीचा क्रमांक) अडवतो. १०२४ ची मर्यादा संपली, प्रोग्रॅम आडवा. हे प्रत्येकाचं एकदा होतंच.

ते सुधारल्यावर आकडा आला २५,०९२. बाबा शेजारी चहा पीत होते.

"सतरा छत्तीस किती रे?"

"सहाशे बारा."

"मग बाकीचे कोणी काढले?"

भागून पाहिलं: बरोबर ४१ पट, बाकी शून्य. एवढा नेटका घोळ सहसा होत नाही. 'एलएस -एल'ने फोल्डरची यादी पाहिल्यावर 'फोटो'च्या आत आणखी एक 'फोटो' दिसला, स्वतःच्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक, म्हणजे एक प्रकारचा शॉर्टकट. करणारा मीच. डेस्कटॉपवर लिंक हवी म्हणून 'एलएन -एस' दिली, झाली की नाही कळेना म्हणून तीच कमांड पुन्हा दिली. दुसऱ्या वेळी डेस्कटॉपवरची लिंक आधीच होती, म्हणून नवी लिंक तिच्यातून थेट खऱ्या फोल्डरात जाऊन पडली.

फाइल कुठली, फोल्डर कुठलं हे ओळखायला मी वापरला होता 'स्टॅट'. तो लिंकच्या पलीकडचं फोल्डर दाखवतो. लिनक्स एका पाथमध्ये ४० सिमलिंकपर्यंत चालू देतो, पुढे 'ईलूप' एरर. मूळ एक फेरी आणि ४० लिंकमधून: ४१. एरर मला दिसला का नाही? कारण 'स्टॅट'ने उणे एक (म्हणजे चूक) दिलं की गुपचूप 'कंटिन्यू', म्हणजे पुढच्या नावाकडे, असं मीच लिहिलं होतं. तेवढी एक ओळ छापली असती तर बाबांना पाढे विचारावे लागले नसते.

'स्टॅट'च्या जागी लिंकला लिंक म्हणूनच दाखवणारा 'एलस्टॅट' टाकला, ६१२ आले. नंतर फोल्डरं फिरून येणाऱ्या तयार 'एनएफटीडब्ल्यू' फंक्शननेही करून पाहिलं, लिंकमागे न जाण्याचा 'एफटीडब्ल्यू_फिज' पर्याय देऊन. काम चोख, पण कॉलबॅकमध्ये (प्रत्येक फाइलसाठी ते बोलावतं त्या आपल्या फंक्शनमध्ये) आपलं काही पाठवायची सोयच नाही, मोजणीला ग्लोबल व्हेरिएबल लागतो. मला ते खटकतं.

ती लिंक अजून काढलेली नाही. नवं काही लिहिलं की आधी तिच्यावरच सोडतो.