फ्लेमिंगो राहिले ते राहिलेच

ठाण्याला गेले होते फ्लेमिंगो बघायला. ऐरोलीहून खाडीत बोट सुटते, तिचं रविवारचं बुकिंग होतं. शुक्रवारी तलावपाळी, कोपिनेश्वर, मामलेदारची मिसळ, सगळं रीतसर झालं. शनिवारी दुपारी मावसबहिणीचे, म्हणजे सुनंदाताईचे सासरे अण्णा बाथरूममध्ये गेले आणि बाहेर आलेच नाहीत.

वय 81. अण्णा कुठल्याच डॉक्टरची पायरी चढायचे नाहीत, त्यामुळे मृत्यूचा दाखला द्यायला कोणी तयार होईना. मग पोलीस, अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि पीएम, म्हणजे शवविच्छेदन. सरकारी दवाखान्यात (नाव लिहीत नाही) पोचेस्तोवर अंधार पडला. "आता उद्या सकाळी." सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं, अशी परवानगी केंद्राने नोव्हेंबर 2021 मध्ये दिली आहे, हे मी हवालदारांना ऐकवलं. "सोय असेल तिथे ना, मावशी?" ते म्हणाले. यावर काय बोलणार!

बायकांनी इथे थांबायची गरज नाही, असं सकाळी मला तीन वेगवेगळ्या पुरुषांनी सांगितलं. मी हट्टाने थांबले. सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये 26 वर्षं काढलीत, माणसाचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांच्या चकत्या पाडल्यात, मला काय घाबरवता? आमच्या सगळ्या धंद्याचा मूळपुरुष इटलीतल्या पाडुआचा डॉक्टर मोर्गान्यी. 1761 साली, वयाच्या 79 व्या वर्षी त्याने सुमारे 700 रुग्णांची हकिगत 70 पत्रांच्या रूपात छापली. जिवंतपणी काय दुखत होतं आणि मेल्यावर आत काय सापडलं, याची जोड लावत गेला. रोग नेमका कुठल्या अवयवात बसलाय हे विचारायची सवय वैद्यकाला तिथून लागली. हे मी शिकाऊ पोरींना दरवर्षी रुबाबात सांगते.

पण ते सगळं टेबलापाशी उभं राहून बघितलेलं. दाराबाहेर एक बाकडं असतं, त्याचा एक पाय विटेवर असतो आणि त्यावर चार घरची माणसं एकमेकांना न विचारता सरकून जागा देतात, हे मला त्या रविवारी कळलं. कोणीतरी येऊन पांढरं कापड आणि प्लॅस्टिक आणायला सांगतं. समोरच्या दुकानदाराला किती मीटर ते विचारावं लागत नाही.

ही बाहेरची बाजू रशियन लेखक चेखॉव्हने पाहिली होती. 1884 साली, नुकता डॉक्टर झालेला असताना, त्याने एक शवविच्छेदन वाटेवर ओकच्या झाडाखाली केलं. बायकापोरं घाबरतील, आमच्या गावात नको, म्हणून गावकऱ्यांनी रडून विनवलं होतं. पुढच्याच वर्षी त्याने एक गोष्ट लिहिली. सरकारी माणसं येईपर्यंत दोन शेतकरी रात्रभर एका प्रेताची राखण करतात, एवढीच. डॉक्टर त्यात फिरकतसुद्धा नाही.

अकराच्या सुमारास रबरी बूट घातलेला कर्मचारी बाहेर आला. "आजोबांचं कोण आहे? कवळी घरी राहिलीय का? तोंड पार बसलंय. आणा, लावून देतो."

कुठल्याच फॉर्मवर हा रकाना नव्हता. मी रिक्षा केली. बाथरूमच्या बेसिनवर स्टीलच्या वाटीत कवळी तशीच होती, वाटीतलं पाणीही तसंच. बोटीत खायला म्हणून चिवडा भरून ठेवलेला डबा रिकामा केला, पुसला, त्यात ती ठेवली. परत येताना मांडीवरचा डबा बघून रिक्षावाला म्हणाला, "पेशंटला जेवण का, मावशी?" मी हो म्हटलं. मीटर 26 रुपये झालं होतं. त्याने सुट्ट्यासाठी कटकट केली नाही, हे ठाण्यातलं आश्चर्यच.

कर्मचाऱ्याने नळाखाली कवळी धुतली आणि आत गेला. ताठलेला जबडा सैल करायचा म्हणजे जोर लागतो, मला ठाऊक आहे. बराच वेळ लागला त्याला. हृदयाचं काहीतरी असावं, असं डॉक्टर तोंडी म्हणाले. बाकी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवलाय, अहवाल येईल तेव्हा येईल.

"बघून घ्या," म्हणत त्याने कापड बाजूला केलं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ओठ आवळायचे, अगदी तसे अण्णा. ताई आदल्या दिवसापासून पहिल्यांदा रडली.

डबा त्याने धुऊन परत दिला. झाकणासकट.