तुम्ही विचारलंत म्हणून: तारखेने की तिथीने?

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी दर वर्षी गीतरामायणाचा, म्हणजे रेडिओवरच्या त्या रामकथेच्या गाण्यांच्या मालिकेचा, वाढदिवस टाकते, एकदा 1 एप्रिलला आणि परत रामनवमीला, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच की अगं नक्की कधी, तारखेने की तिथीने? शिवजयंतीसारखं दोनदा कशाला? गेल्या वर्षी तर मावशीच्या सुनेने सरळ विचारलं, ताई तुम्हाला या तारखा पाठ करून मिळतं काय. तेव्हा मी फक्त हसणारी स्मायली टाकली, आता जरा नीट सांगते.

तर पहिली गोष्ट, हा घोळ मी घातलेला नाही. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं लागलं ते 1 एप्रिल 1955, शुक्रवार, सकाळी पावणेनऊला, आणि त्या दिवशी रामनवमी होती. म्हणजे सुरुवातच तारीख आणि तिथी एकाच दिवशी धरून झाली, नंतर दोघींनी आपापल्या वाटा धरल्या (2025 ला 70 वर्षं झाली तेव्हा रामनवमी 6 एप्रिलला होती). ठरलं होतं ते दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर, या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत. 52 आठवडे, 52 गाणी, हिशोब सोपा. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि पुढची रामनवमी गेली थेट 19 एप्रिल 1956 वर. मोजून बघा, 384 दिवस होतात! म्हणून गाणी झाली 56. आता ज्याचं पहिलं वर्षच 384 दिवसांचं होतं त्याचा वाढदिवस कुठल्या दिवशी करायचा ते तुम्हीच सांगा. मला तर ही गाणी लिहिणाऱ्या गदिमांचं (ग. दि. माडगूळकर) या 56 साठी जास्त कौतुक वाटतं, कारण ठरवून लिहिणं वेगळं आणि पंचांगाने ऐनवेळी महिना वाढवून दिल्यावर त्याच दमाने लिहीत राहणं वेगळं. पहिल्याच गाण्याचा कागद तर चाली लावणाऱ्या बाबूजींकडून (सुधीर फडके) हरवला, गदिमा चिडले, मग स्टेशन डायरेक्टर सीताकांत लाड यांनी त्यांना खोलीत बसवून ते परत लिहून घेतलं असं सांगतात. म्हणजे आपण ऐकतो ते दुसऱ्यांदा लिहिलेलं.

असे घोळ सगळीकडेच आहेत म्हणा. 'राजा हरिश्चंद्र' सिनेमा दादासाहेब फाळक्यांनी 21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला आणि पब्लिकसाठी लागला तो 3 मे ला, गिरगावात कोरोनेशनमध्ये. सगळे वाढदिवस 3 मे चा करतात, बरोबरच आहे, तिकीट काढून लोक आले तो दिवस खरा.

पण मला काय मिळतं हा मूळ प्रश्न राहिलाच. मला त्यातून मामाचा वाढदिवस मिळाला.

माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं, गावात रेडिओ एकच, पाटलांच्या सोप्यात, बॅटरीवरचा. आजी सांगायची की गीतरामायण असलं की रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, बायका डोक्यावर पदर घेऊन बसायच्या, आणि गाणं संपल्यावर लगेच कोणी उठायचं नाही. त्याच उन्हाळ्यात मामा झाला. जन्म घरीच, तारीख कोणी लिहून ठेवली नाही, पुढे शाळेत घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाची लिहिली तीच त्याचीही लिहिली, 1 जून. महाराष्ट्रात त्या पिढीतले निम्मे लोक 1 जूनला जन्मलेत हे तुम्हाला माहितीच आहे. नोकरीही त्याच तारखेवर झाली आणि जन्मतारीख महिन्याची पहिली म्हणून आदल्याच दिवशी, 31 मे 2013 ला तो रिटायर झाला, म्हणजे अख्खी सर्व्हिस मास्तरांच्या हातच्या एका आकड्यावर.

आजीला मात्र 1 जून कधीच मान्य नव्हता. ती म्हणायची, "राम जन्मला लागलं नं, त्या आठवड्यातला हाय ह्यो." आम्ही सगळे समजायचो म्हणजे रामनवमीचा, चैत्रातला, आणि आई म्हणायची छे, तेव्हा तर मी परीक्षा दिली, तो मागाहून झाला. बरीच वर्षं हे भांडण असंच चाललं, आजी गेली तरी मिटलं नाही.

मग एकदा मी सहज गाण्यांचा क्रम बघत होते आणि डोक्यात ट्यूब पेटली. रामनवमीला 'राम जन्मला' लागलंच नव्हतं! त्या दिवशी कुशलव रामासमोर गाताहेत ते पहिलं गाणं लागलं, मग शरयूकाठची अयोध्या, मग कौसल्येचं दुःख, मग दशरथ तिची समजूत काढतो, मग यज्ञातलं पायसदान, आणि मग कुठे सहावं 'राम जन्मला गं सखी'. आठवड्याला एक धरलं तर 6 मे आला. रेडिओवरचा राम वैशाखातल्या उन्हात जन्मला आणि आमचा मामा त्याच्याबरोबर. आजी बरोबर, आईपण बरोबर, चुकले फक्त मास्तर.

यात पण एक अडचण आहेच. एकच गाणं शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही सकाळी लावायचे, त्यामुळे आजीने नक्की कुठल्या दिवशी कळा सोसत ऐकलं ते काही सांगता येत नाही, आणि "त्या आठवड्यातला" म्हणजे तसा मंगळवारही असू शकतो, पण मी आपले ते तीन दिवस धरलेत.

मामाच्या सत्तरीला मुलांनी 1 जूनचा हॉल बुक केला होता, केक बिक सगळं, मी पण गेले होते. पण त्याआधी 6 मे ला सकाळी पावणेनऊला मी त्याला फोन लावला. म्हणाला काय गं एवढ्या सकाळी, कोण गेलं? (आमच्याकडे सकाळचा फोन म्हणजे हेच.) म्हटलं कोणी गेलं नाही, हॅपी बर्थडे, आणि सगळा हिशोब सांगितला, 384 दिवस, सहावं गाणं, शुक्रवार शनिवार रविवार. तो ऐकत राहिला, मधेच एकदा टीव्हीचा आवाज कमी केला.

मग म्हणाला, "म्हंजे सहा, सात का आठ, नक्की नाही?"

म्हटलं नाही.

"मग उद्या आणि परवा पण कर फोन."