पांढऱ्या चहाची काळी वाटी

चहा पांढराशुभ्र हवा म्हटलं, तर आपल्याकडे कोणीही कपाळाला हात लावील. पण हजारेक वर्षांपूर्वी, सोंग राजवटीतल्या चीनमध्ये उत्तम चहाची हीच खूण होती. चहाच्या वड्या कुटून त्यांची वस्त्रगाळ पूड करायची, ती गरम पाण्यात कालवायची आणि बांबूच्या रवीने घुसळत राहायचं. वर दाट, पांढरा फेस आला पाहिजे. यावर चक्क पैजा लागत. फेस विरून ज्याच्या वाटीच्या कडेला पाण्याची रेघ आधी दिसली, तो हरला!

आता ही रेघ पांढऱ्या वाटीत कशी दिसणार? तिथे काळीच वाटी हवी. ती पुरवली फूच्येन प्रांतातल्या च्येनयांगच्या कुंभारांनी. डोंगरउतारावर चढत गेलेल्या त्यांच्या भट्ट्यांना ड्रॅगन भट्ट्या म्हणतात. उत्खननात निघालेली एक तर १३५ मीटर लांब आहे. अकराव्या शतकातला छाय श्यांग हा अधिकारी मूळचा फूच्येनचाच. सशाच्या केसांसारख्या रेघांची ही काळी वाटी जाड असते, एकदा तापवली की लवकर निवत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे सम्राट ह्वेइत्सोंगनेही तिलाच पसंती दिली, आणि काही वाट्यांच्या बुडावर दरबारासाठी असल्याची अक्षरं उमटली.

मला मोह पडतो तो त्या रेघांचा, कारण त्या कोणी काढलेल्याच नाहीत. मातीत लोह भरपूर, तिच्यावरच्या काचेसारख्या लेपात, म्हणजे झिलईतही लोह. साधारण १३०० अंशांच्या आचेत झिलई वितळते, तिच्यात बुडबुडे उठतात आणि ते लोह पृष्ठभागावर आणून सोडतात. मग दाट झिलई खाली ओघळू लागते आणि लोहाच्या तांबूस-रुपेरी रेघा ओढल्या जातात. ओघळलीच नाही, तर ठिपके राहतात, पाण्यावर तेलाचे थेंब तरंगावेत तसे. काठावर झिलई इतकी पातळ उरते की तो तपकिरी, खरखरीत लागतो. बाहेरून मात्र ती बुडाच्या जरा वर येऊन जाडजूड थेंबासारखी थबकते. आणखी बोटभर उतरली असती, तर वाटी ज्यात ठेवून भाजतात त्या डब्यालाच चिकटून बसली असती.

बौद्ध भिक्षूंबरोबर या वाट्या जपानला गेल्या आणि तिथे तेनमोकू म्हणून पूजल्या गेल्या. निळसर-जांभळी झाक मारणाऱ्या तीन वाट्या तिथे आज राष्ट्रीय ठेवा आहेत. इकडे चीनमध्ये चहाच बदलला. १३९१ साली मिंग सम्राट होंगवूने दरबारी नजराण्यातल्या वड्या बंद करून सुटी पत्ती मागवली. पत्ती भिजवून प्यायची म्हटल्यावर घुसळणं संपलं, फेस संपला. चहाचा रंग न्याहाळायला पांढरे कप आले. च्येनयांगच्या भट्ट्या तर त्याआधीच विझत चालल्या होत्या.

गेल्या चाळीसेक वर्षांत तिथल्या कुंभारांनी ही झिलई पुन्हा साधली आहे. भट्टी बहुतेकदा विजेची, पण रेघा तशाच. शौकीन मंडळी हौसेने या वाट्या घेतात आणि त्यांत शेजारच्या वुयी डोंगरातला सुट्या पत्तीचा चहा ओततात. त्याचा सुरेख नारिंगी रंग त्या काळ्या वाटीत अजिबात दिसत नाही.