रायफल घेऊन विमानप्रवास: केस कशी निवडावी

स्पर्धेसाठी संघासोबत रायफल घेऊन परदेशी जाऊन आले. वाटेत विमान बदलावं लागलं, येतानाही तेच. स्पर्धेचं निकालात दिसेलच. इथे लिहायचंय ते केसबद्दल. पहिल्यांदा बाहेर निघालेली मुलं याबद्दलच सगळ्यात जास्त विचारतात, आणि केस घेताना बहुतेक जण दिसायला दणकट काय आहे एवढंच बघतात.

शस्त्र आहे हे चेक-इन काउंटरवर आपणच सांगायचं असतं. सांगितल्यावर आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. तिथल्या अधिकाऱ्याने कागदांना हात लावण्याआधी केस आडवी ठेवली आणि कुलपं लागलेली असतानाच कोपऱ्यात बोटं घालून झाकण वर खेचलं. माझ्या केसचं झाकण हललं नाही. सोबतच्या मुलीची केस ॲल्युमिनियमची, चकचकीत, दोन्ही कुलपं मधल्या भागात. तिचा कोपरा एवढा उचलला गेला की आत अख्खा हात जावा. तिथे आणखी कुलूप घालायला जागाच नव्हती. शेवटी तिची रायफल संघाच्या दोन रायफलींच्या मोठ्या केसमध्ये हलवली, तेव्हा काम पुढे सरकलं.

म्हणून दुकानात केस बघताना हीच परीक्षा तिथल्या तिथे करा. कुलपं लावा, चारही कोपरे खेचून बघा. कुलपाची भोकं टोकांच्या जवळ हवीत आणि त्यांना आतून धातूची कडी हवी, नुसत्या प्लास्टिकचं भोक आपटून आपटून फाटतं. बिजागरीची सळई बाहेरून ठोकून काढता येत नाही ना, तेही बघा. ज्या भोकात जेमतेम बारीक कुलूप मावतं ती केस मी घेणार नाही. किल्ली आपल्या खिशात हवी, संघ व्यवस्थापकाच्या बॅगेत नको. विमान बदलताना मला परत बोलावलं होतं आणि केस माझ्यासमोरच उघडली.

मटेरियलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पॉलिप्रॉपिलीनची, कडेने रबरी सील असलेली केस घ्या. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा एकदा दबला की दबलेलाच राहतो आणि मग झाकण नीट बसत नाही. पॉलिप्रॉपिलीन आपटल्यावर लवतं आणि परत जागेवर येतं.

सीलबंद केसला हवेचा व्हॉल्व्ह असायलाच हवा. उंचीवर विमानातला दाब कमी होतो, केसमधली हवा थोडी थोडी बाहेर निसटते, आणि खाली उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण घट्ट दाबून धरतो. आमच्यातल्या एकाची केस उतरल्यावर उघडेचना, दोघांनी ओढूनही नाही. पुढच्या बाजूची व्हॉल्व्हची छोटी गोल चावी फिरवली, फुस्स असा आवाज आला आणि झाकण सुटलं. काही केसमध्ये हा व्हॉल्व्ह आपोआप काम करतो, हवा जाऊ देतो आणि पाणी अडवतो. तसा मिळाला तर उत्तम.

आता फोम. यावर मनापासून वेळ घालवा, कारण रायफल वाचते ती फोममुळे. खाचा कापताना रायफल अशी बसवा की झाकण उघडताच तिचा नंबर वर दिसेल आणि चेंबरमधला (गोळी बसते त्या जागेतला) सेफ्टी फ्लॅगही, म्हणजे रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत पट्टी. मग तपासणीत कोणाला रायफल उचलावी लागत नाही. अनोळखी हातांनी साईटला (नेम धरायच्या भागाला) धरून उचललेली रायफल बघणं फार क्लेशाचं असतं. बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दांडा, निघत असेल तर त्याला वेगळी खाच करा. मागची साईट काढून ठेवा, पण आधी बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीसच्या (गाल टेकतो त्या भागाच्या) खुणा पेन्सिलने करून फोटो काढा. नळीच्या टोकापुढे चार बोटं तरी फोम राहू द्या. केस बेल्टवर उभी आपटते तेव्हा सगळा धक्का तिथेच बसतो.

वजन आणि लांबीचा हिशोब घरीच करा. बऱ्याच विमान कंपन्या नेहमीच्या बॅगेला 23 किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर अशी मर्यादा ठेवतात. 10 मीटर एअर रायफल नियमाने 5.5 किलोपर्यंत असते, मोठी रिकामी केसच 10 किलोच्या घरात जाते, आणि तिन्ही मापांची बेरीज तर जवळजवळ नक्कीच मर्यादेबाहेर. तेव्हा तिकीट काढतानाच क्रीडा साहित्य म्हणून नोंद करा आणि लेखी उत्तर जवळ ठेवा. एअर रायफलचं दाबलेल्या हवेचं सिलिंडर काढून रिकामं करावं लागतं. .22 च्या काडतुसांना वेष्टनासकट माणशी 5 किलोची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. दोघांचा वाटा एकत्र बांधता येत नाही आणि विमान कंपनीची आधी मंजुरी लागते. परवान्याची प्रत केसमध्ये असू द्या, मूळ कागद मात्र हातातल्या बॅगेत. वाटेतल्या देशात सामान उतरवून परत चढवावं लागत असेल तर त्या देशाचीही परवानगी लागू शकते. केसवर क्लबचे स्टिकर लावू नका. आत काय आहे ते चोराला कशाला सांगायचं?

विमानाच्या गार सामानकक्षातून आलेली केस दमट खोलीत लगेच उघडू नका. तास-दोन तास बंदच ठेवा, नाहीतर थंड नळीवर लगेच दव धरतं.

आणि घरी आल्यावर रायफल त्या केसमध्ये ठेवून देऊ नका. फोमच्या खाचा ओल धरतात, सील ती बाहेर जाऊ देत नाही, आणि काही आठवड्यांत नळीवर फोम टेकतो तिथेच गंजाची रेघ उमटते. बाहेर काढा, पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. उचलून नेता येणारी केस तिजोरी होऊ शकत नाही, विशेषतः घरात मुलं असतील तर. रिकामी केस दोन दिवस झाकण उघडं ठेवून वाळवा आणि सिलिका जेलची पुडी बदला. खाचांच्या कडा दबून रायफल आत हलायला लागली असेल तर केस तीच ठेवा, फोम मात्र पुढच्या प्रवासाआधी नवा घाला.