वामकुक्षी

एक्स-रे टेक्निशियन म्हणून माझं पहिलंच वर्ष, तालुक्याच्या गावातलं हॉस्पिटल, नाईट ड्युटी. दीडच्या सुमाराला स्ट्रेचरवरून एक आजोबा आले. गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलर आणून महिनोन्महिने उपाशीपोटी खात होते म्हणे. पोट फळीसारखं कडक, हातसुद्धा लावू देईनात. अल्सर फुटला असणार अशी शंका. अशा वेळी पेशंटला उभं करून छातीचा एक्स-रे काढतात, जठर-आतड्यातली हवा पोटात बाहेर आली असेल तर ती वर चढते आणि छाती-पोटामधल्या पडद्याखाली काळी चंद्रकोर दिसते. पण आजोबांना उभं केलं की ते डोळेच फिरवायला लागले. सर्जनना फोन लावला, तर "लेफ्ट लॅटरल डेक्युबिटस घे" एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

आता लॅटरल मला तोंडपाठ होतं. मध्यरेषेपासून लांबचं ते लॅटरल, मध्यरेषेकडचं ते मीडियल, नाकाच्या मानाने कान लॅटरल वगैरे, व्हायव्हात धडाधड सांगितलेलं. त्याच हिशोबाने वाटलं की लेफ्ट म्हणजे डावी बाजू बघायचीय, मग ती वर हवी, म्हणून आजोबांना उजव्या कुशीवर झोपवलं आणि फिल्म काढली. एक्स-रेची ट्यूब मात्र आडवी केली होती बरं का, किरणांचा बीम जमिनीला समांतर नसेल तर हवा दिसतच नाही, एवढी अक्कल होती.

सर म्हणजे आमचे सर्जन आले, फिल्म बघितली. "ही हवा जठरातली का बाहेरची, सांग बघू?" मी गप्प. कारण डावी बाजू वर, आणि जठरातला गॅस तुमच्याआमच्या सगळ्यांचा तिथेच असतो! उलट डावी बाजू खाली ठेवली तर हवा उजवीकडे वर चढते, तिथे लिव्हर, म्हणजे भरीव अवयव, फिल्मवर एकसारखा पांढुरका, त्याच्या कडेला काळी पट्टी आली की शंकाच नको. डेक्युबिटस म्हणजे आडवं पडणं, आणि लेफ्ट म्हणजे अंगाखाली कुठली बाजू ते. बघायची बाजू नाहीच ती.

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे वामकुक्षी म्हणा की."

मी बघतच राहिले. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. एवढा लांबलचक लॅटिन शब्द पाठ केला आणि आमच्या घरचे आजोबा रोज जेवून उठल्यावर नेमकं तेच करायचे, अगदी लेफ्ट साईड डाउन! डाव्या कुशीवर म्हटलं की मराठीत डावीच खाली, कुणाला विचारायलाच नको. छातीच्या लेफ्ट लॅटरल एक्स-रेलाही डावीच बाजू फिल्मच्या कॅसेटला टेकलेली असते, तेव्हा पण इंग्रजीतून घोकलं होतं, असो.

आजोबांना डाव्या कुशीवर वळवलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं कारण हवेला वर चढायला वेळ लागतो. ती दहा मिनिटं ते कण्हत होते आणि मला कुठे तोंड लपवू असं झालेलं, माझ्यामुळे त्यांना दोनदा वळावं लागलं ना. दुसऱ्या फिल्मवर लिव्हर आणि बरगड्यांच्या मधे स्वच्छ काळी पट्टी. पहाटे ऑपरेशन झालं, ड्युओडेनमला, म्हणजे जठरालगतच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, भोक होतं.

हल्ली मी पेशंटला सरळ वामकुक्षीच सांगते. परवा एक आजी भडकल्या, "अगं रात्रीचे दोन वाजलेत, वामकुक्षी कसली?"