थर्मामीटर घेऊन गरवायला

आमच्याकडे मालवणात गरवायला जायचं म्हणजे बांबूची काठी, दोरा, गरी आणि डब्यात चार कोळंब्या, झालं. इथे पेनसिल्व्हेनियात मात्र उन्हाळ्यात नदीवर गेले की मी आधी खिशातून थर्मामीटर काढते आणि पाण्यात बुडवून उभी राहते. येडेपणा वाटेल, पण जुलै-ऑगस्टमधे कुठल्या माशाच्या मागे लागायचं ते तोच ठरवतो. ट्राउट हा गार पाण्यातला मासा, पाणी साधारण 68 फॅरनहाइटच्या म्हणजे आपल्या 20 सेल्सियसच्या वर गेलं की त्याला ऑक्सिजन पुरत नाही, त्यात आपण त्याला गळाला लावून दमवलं तर सोडल्यावरही तो मरू शकतो. म्हणून तेवढं पाणी तापलं की ट्राउट बंद.

स्टेट कॉलेज ते बेलफोंटच्या बाजूला स्प्रिंग क्रीक आहे, नाव क्रीक पण आहे आपला ओढाच. चुनखडीतले झरे त्यात येतात त्यामुळे बाकीच्या नद्या तापल्या तरी हा गार राहतो. शॉर्ट्स घालून आत उतरलं की पहिली पाच मिनिटं पोटऱ्या बधीर. सकाळी सात-आठच्या सुमाराला ट्रायको नावाच्या तिळाहून जेमतेम मोठ्या माश्यांचे थवे पाण्यावर नाचतात, मग मरून पाण्यावर पडतात, आणि ब्राउन ट्राउट नुसतं नाक वर काढून एकेक टिपत बसतो. आपण दोऱ्याच्या टोकाला तसलीच खोटी माशी बांधायची, 22-24 नंबरचा हुक, ज्याच्या भोकात दोरा ओवायला मला चाळिशीचा चष्मा लागतो 😄

फ्लाय फिशिंगमधे माशीला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही, जड असते ती लाइन, म्हणजे काठीचा जाड दोरा. काठी मागे न्यायची, लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. ते थांबणंच जमत नाही. शिकवायला शेजारचे एक रिटायर्ड आजोबा होते, ते नुसतं "वेट, वेट" म्हणत राहायचे आणि मी मागच्या सिकॅमोरच्या फांदीवर माश्या टांगत राहायचे. पहिल्या महिन्यात माशांपेक्षा झाडंच जास्त पकडली.

दुपारी घरी जाऊन वरणभात खाऊन झोपायचं, आणि संध्याकाळी तासभर ड्राइव्ह करून ज्युनियाटा नदी. रुंद, उथळ, कोमट पाणी, खाली सगळे शेवाळलेले दगड, आपटायची पूर्ण सोय. इथे स्मॉलमाउथ बास, त्याला हेच पाणी आवडतं. (नावच बास, पण ह्याचं बास कधी होतच नाही.) तपकिरी-सोनेरी अंग, लाल डोळे, आणि स्वभावाने भांडकुदळ. पाण्याखाली खेळवायला क्लाउझर मिनो नावाची खोटी माशी बांधतात, शिशाचे डोळे असल्यामुळे ती डोकं खाली करून बुडते. बॉब क्लाउझर इथल्याच मिडलटाउनचे, सस्क्वेहाना नदीतल्या बाससाठीच त्यांनी ती बनवली. मला मात्र पॉपर आवडतो, पाण्यावर "बुळूक" आवाज करणारा. बुळूक करायचं, थांबायचं, गोल लाटा विरेपर्यंत हलवायचं नाही. मग एकदम पाणी फुटतं आणि काठी वाकते, मासा हवेत, तोंड झटकत, परत खाली, परत हवेत. मागच्या शनिवारी असाच एक लागला, पंधरा इंचाचा, मी किंचाळले आणि लगेच दगडावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात, पण काठी सोडली नाही.

तसे हे दोघेही इथले मूळचे नव्हेत. ब्राउन ट्राउटची अंडी 1883 मधे जर्मनीहून अमेरिकेत आली, आणि शेजारच्या पोटोमॅक नदीत बास 1854 मधे आले ते चक्क रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून!

दोघांनाही परत सोडायचं. स्प्रिंग क्रीकमधे तर पूर्वी केमिकल मिसळल्यामुळे 1982 पासून मासे घरी न्यायलाच बंदी आहे. ट्राउटला हात लावायच्या आधी हात ओले करायचे, नाहीतर त्याचा बुळबुळीत थर निघतो. बासला खालच्या ओठाला अंगठ्याने धरायचं.

त्या पंधरा इंचीचा फोटो आईला पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल. "धरलंस आनि परत सोडलंस? मगे गेलंस कित्याक?" मी ऑक्सिजन, नियम, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, फोटो परत मोठा करून बघितला आणि म्हणाली, "तिखल्याक बरो होतो."