बाईंचं लॉग टेबल आणि आमची फार्मसी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून निरोप आला आणि डोळ्यासमोर पहिल्या आल्या त्या आपल्या गणिताच्या बाई. वही दाखवली की बाई उत्तर नंतर बघायच्या, आधी विचारायच्या एकक कुठंय, ग्रॅम का मिलिग्रॅम, आणि एवढं मोठं उत्तर तुला तरी पटतंय का?

आता मी फार्मसीच्या फर्स्ट इयरला शिकवतो आणि बाईंचे तेच प्रश्न मुलांना विचारतो. बरीच मुलं म्हणतात सर गणित नको म्हणूनच तर इकडे आलो, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला गणित दत्त म्हणून उभं. १ टक्का सोल्युशन म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १० मिलिग्रॅम, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन १:१००० (१००० मिलीत १ ग्रॅम) असेल तर १ मिलीत १ मिलिग्रॅम, १:१०,००० असेल तर ०.१, एका शून्यानं डोस दहापट इकडचा तिकडे होतो. म्हणून ५ लिहायचं, ५.० नाही, टिंब पुसट झालं की वाचणारा ५० वाचतो.

पण माझा खरा जीव लॉगमध्ये, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की तो आकडा येतो त्यात. शाळेत वाटायचं मोठे गुणाकार सोपे करायला लॉग, बस्स. बाटलीतलं औषध खराब होतं तेव्हा बऱ्याचदा दर महिन्याला ठरावीक मिलिग्रॅम नाही, तर जेवढं उरलंय त्याचा ठरावीक हिस्सा जातो, त्यामुळे उरलेल्या औषधाचा वेळेनुसार आलेख वाकडा येतो, पण त्याच आकड्यांचा लॉग घेऊन मांडा, सरळ रेष! तिचा उतार २.३०३ नं गुणला की दर मिळतो (उणे चिन्ह सोडून द्यायचं), आणि ०.१०५ ला त्या दरानं भागलं की औषध ९० टक्क्यांवर यायला किती वेळ लागेल ते कळतं. हा दर ०.००५ प्रति महिना असेल तर २१ महिने. एक्सपायरीच्या तारखेमागं असला हिशोब असतो हे कळलं की मुलं सावरून बसतात.

भूमितीतला समलंब चौकोनसुद्धा इथं भेटतो. गोळी घेतल्यावर ठरावीक वेळानं रक्तातली पातळी मोजायची, आलेखाचे उभे काप करायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ समलंब चौकोनाच्या सूत्रानं काढून बेरीज करायची, शरीरात एकूण किती औषध पोचलं त्याचं हे माप. मूळ औषध आणि जेनेरिकची (तेच औषध दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं) तुलना मुख्यतः या मापावर आणि रक्तातल्या सर्वोच्च पातळीवर होते आणि दोघांच्या गुणोत्तराची नेहमीची मर्यादा असते ८० ते १२५ टक्के. १२० का नाही असं कुणीतरी विचारतंच आणि मला त्या प्रश्नाचा फार आनंद होतो, कारण तुलना लॉग घेऊन करतात, आणि लॉगमध्ये १०० पासून ८० जेवढं खाली तेवढंच १२५ वर.

फार्मसीला जाऊ म्हणणारी मुलं शाळेत असतील तर कळवा, सुट्टीच्या दिवशी येऊन एवढं लॉग मी आनंदानं शिकवेन.